दांतिका यांच्यावरील सत्र रद्द करणाऱ्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमचे मराठी मंडळ, फ्लोरिडा

विषय : साहित्यदिनातील एडविज दांतिका यांच्यावरील सत्र रद्द केल्याबाबत

स.न.वि.वि.

मंडळाच्या वाचनकट्ट्याने यंदाच्या साहित्यदिनासाठी हैतीत जन्मलेल्या अमेरिकन लेखिका एडविज दांतिका यांचे जीवन आणि लेखन या विषयावर सत्र ठरवले होते. ते रद्द करून त्या जागी हास्यसंध्या ठेवल्याचे मला एका ओळीच्या ईमेलने कळवण्यात आले. कारण विचारल्यावर तीन कारणे मिळाली : हा आपला विषय नाही, हा विषय राजकीय आहे, आणि ज्यांचे व्हिसा किंवा ग्रीन कार्डचे अर्ज प्रलंबित आहेत अशा सभासदांच्या दृष्टीने सध्याच्या वातावरणात मंडळाचे नाव हैतीच्या लोकांशी जोडले जाणे बरे नाही. त्यावर मी कार्यकारिणीला रीतसर पत्र लिहिले, पण त्याची साधी पोचही आली नाही. म्हणून आता उघडपणे लिहीत आहे.

मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कोणाला चारचौघांत खजील करण्याचा माझा हेतू नाही, आणि अमेरिकेतील इतर मंडळांतही असे निर्णय असेच गुपचूप होत असावेत असा माझा कयास आहे.

या विषयाशी माझा संबंध काय, हे आधी सांगते. वाचनकट्ट्याचे निमंत्रकपद माझ्याकडे आहे, पण कारण तेवढेच नाही. मी एका रुग्णालयात श्वसनोपचार विभागात काम करते आणि आमच्या मजल्यावरील परिचारिका व मदतनीस यांत हैतीच्या स्त्रिया बऱ्याच आहेत. १ जानेवारीला कामावर असले की त्यांच्यापैकी कोणीतरी भोपळ्याचे सूप घेऊन येते. गुलामगिरीच्या काळात हे सूप मालकांसाठी रांधायचे आणि स्वतः चाखायचे नाही अशी रीत होती; १८०४ च्या १ जानेवारीला हैती स्वतंत्र झाला, तेव्हापासून त्या दिवशी ते घरोघरी शिजते. माझ्यासाठी मांस न घातलेला एक लहान डबा वेगळा असतो. दांतिकांचे पहिले पुस्तक माझ्या हाती आले ते याच बायकांकडून, पाने दुमडलेले, समासात हैतीच्या क्रिओल भाषेत काहीबाही लिहिलेले. ज्यांच्या हातचे मी खाते, त्यांच्या लेखिकेचे नाव माझ्याच मंडळाच्या पत्रिकेवर नको असे ठरले, हे मला गिळता येत नाही.

आता पहिल्या कारणाकडे येते : हा आपला विषय नाही.

दांतिका यांचा जन्म १९ जानेवारी १९६९ रोजी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे, दुवालिए घराण्याच्या हुकूमशाहीत झाला. त्या दोन वर्षांच्या असताना वडील न्यूयॉर्कला गेले आणि चार वर्षांच्या असताना आईही गेली. मागे राहिलेली ही मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ बेल-एअर नावाच्या वस्तीत काका जोसेफ आणि काकू डेनिज यांच्या घरी वाढली. काका धर्मोपदेशक होते. त्यांनी तेथे चर्च आणि शाळा उभी केली होती. पुढे घशाच्या कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले, आणि ज्या माणसाचा पेशाच बोलण्याचा होता त्याचे बोलणे ओठांवरून वाचून इतरांना सांगण्याचे काम या लहान पुतणीकडे आले. न्यूयॉर्कहून दर दोन महिन्यांनी वडिलांचे पत्र येई. ते नेहमी तीनच परिच्छेदांचे असे : खुशाली, पाठवलेले पैसे कशाकशावर खर्च करायचे याचा तपशील, आणि निरोप. मुलांना जे सांगायचे होते ते एवढ्याशा कागदात आणि पाकिटात मावणारे नव्हते, असे वडिलांनी पुष्कळ वर्षांनी सांगितल्याचे दांतिकांनी लिहिले आहे.

१९८१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्या ब्रुकलिनला आई-वडिलांकडे आल्या. वडील टॅक्सी चालवत, आई कारखान्यात काम करी, आणि तिथे जन्मलेले दोन लहान भाऊ या मोठ्या बहिणीला प्रथमच नीट पाहत होते. मुलीने वैद्यकीय क्षेत्रात जावे अशी घरची इच्छा होती, तरीही तिची आवड ओळखून वडिलांनी तिला टाइपरायटर आणून दिला. घरी क्रिओल, शाळेत फ्रेंच आणि त्यानंतर इंग्रजी अशा क्रमाने आलेल्या या तिसऱ्या भाषेत त्यांनी किशोरवयीन मुलांच्या ‘न्यू युथ कनेक्शन्स’ या मासिकात लिहायला सुरुवात केली. बर्नार्ड कॉलेजमधून १९९० मध्ये फ्रेंच साहित्याची पदवी आणि ब्राउन विद्यापीठातून १९९३ मध्ये सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर, तेथे प्रबंध म्हणून लिहिलेलीच ‘ब्रेथ, आइज, मेमरी’ ही कादंबरी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९८ मध्ये ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या वाचकमंडळासाठी ती निवडली आणि हे नाव अमेरिकेच्या घराघरांत पोचले.

यांतले काय आपले नाही, हे कार्यकारिणीने मला समजावून सांगावे. याच कट्ट्यावर आपण रशियन कथा वाचल्या, लॅटिन अमेरिकेतील कादंबऱ्या वाचल्या, आणि तेव्हा कोणी विषय आपला की परका हे विचारले नाही. मात्र ‘दांतिकाही आपल्यासारख्याच स्थलांतरित, म्हणून त्या वाचा’ असा युक्तिवादही मला करायचा नाही, कारण तो अर्धाच खरा आहे. आपल्यातले बहुतेक विमानाने, हातात पदवी आणि नोकरीचे पत्र घेऊन आले. त्यांच्या देशबांधवांपैकी हजारो जण होड्यांतून आले, आणि १९८१ पासून अमेरिकेचे तटरक्षक त्या होड्या भर समुद्रात अडवून माघारी पाठवत आले. ‘क्रिक? क्रॅक!’ या १९९५ च्या संग्रहाची पहिली कथा अशाच एका होडीतला तरुण आणि मागे राहिलेली त्याची प्रेयसी यांनी एकमेकांना लिहिलेल्या, पण कधीच न पोचणाऱ्या पत्रांची आहे. तो अनुभव आपला नाही, आणि नेमका म्हणूनच तो वाचायला हवा असे माझे म्हणणे आहे. कट्टा फक्त स्वतःलाच पाहण्यासाठी असेल तर घरोघरी आरसे आहेतच.

दुसरे कारण : विषय राजकीय आहे. आहे, हे मी नाकारत नाही. पण दांतिकांच्या लेखनातले राजकारण घोषणांचे नाही, आणि ते सोडून त्यांचे साहित्य उरतही नाही. ‘द ड्यू ब्रेकर’ (२००४) या पुस्तकाच्या पहिल्याच कथेत एक तरुण शिल्पकार मुलगी आपल्या वडिलांचा लाकडी पुतळा घेऊन त्यांच्याबरोबर फ्लोरिडात आली आहे. कैदखान्यात छळ सोसलेला माणूस म्हणून तिने त्यांना कोरले आहे. वडील पहाटे तो पुतळा तळ्यात बुडवून येतात आणि मग तिला सांगतात की मी कैदी नव्हतो, मी छळ करणारा होतो. पुढच्या कथांमध्ये हा माणूस ब्रुकलिनमधला एक साधा न्हावी आणि घरमालक आहे. त्याचे भाडेकरू, त्याची बायको, त्याच्या हातून उद्ध्वस्त झालेल्यांची मुले एकाच शहरात वावरत असतात. दांतिका त्याला माफ करत नाहीत आणि राक्षसही करत नाहीत. माझ्या मते त्यांचे हे सर्वांत ताकदीचे पुस्तक आहे, आणि मायदेश सोडताना माणूस मागे काय टाकून येतो याविषयी इतके निर्दय आणि तरीही इतके शांत लेखन मी फार थोडे वाचले आहे.

‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ (१९९८) ही कादंबरी १९३७ च्या ऑक्टोबरमधील हत्याकांडाची आहे. शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याच्या आदेशावरून तेथे हैतीच्या सीमेलगत राहणाऱ्या हजारो हैतीयनांना कोयत्यांनी मारण्यात आले. कादंबरीतल्या पात्रांत ऊसतोडणीवर गेलेले मजूर कितीतरी आहेत. कोयता घेऊन पोटासाठी परमुलखातल्या फडावर जाणारा मजूर बीड-धाराशिवकडच्या माणसाला वेगळा ओळखून दाखवावा लागत नाही, एवढेच येथे सांगते. या इतिहासाचे आजशी नाते असे की, २०१३ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकच्या घटनात्मक न्यायालयाने तेथेच जन्मलेल्या हैतीयन वंशाच्या लोकांचे नागरिकत्व हिरावणारा निकाल दिला, तेव्हा दांतिका आणि डोमिनिकन मुळांचे जुनो डियाझ व हुलिया अल्वारेझ हे लेखक त्याविरुद्ध एकत्र बोलले. सीमेच्या दोन्ही बाजूंचे लेखक एका कागदावर सही करू शकतात, आणि आपल्याला हैतीच्या लेखिकेवर एक तास बोलायचेही धाडस होत नाही.

स्वतःच्या समाजाकडूनही दांतिकांना ‘हे लिहू नका’ असे ऐकावे लागले आहे. पहिल्या कादंबरीत आई मुलीचे कौमार्य तपासते. घरातली ही लाज चव्हाट्यावर मांडली आणि सगळ्या हैतीयन स्त्रियांना बदनाम केले, अशी टीका त्यांच्याच लोकांनी केली. त्यावर त्यांनी कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीत आपली नायिका सोफी हिला पत्र लिहून तिच्या एका शरीरावर सगळ्या समाजाचा भार टाकला जातो याबद्दलची खंत मांडली. वाद टाळण्यासाठी पान फाडले नाही. कार्यकारिणीने हे उदाहरण लक्षात घ्यावे.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे, आणि त्याची मी थट्टा करणार नाही. आपल्या सभासदांच्या मनात भीती आहे आणि ती खोटी नाही. अर्ज वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या कुटुंबांना मी जवळून ओळखते. पण ‘आपण कागदपत्रे घेऊन आलो, ते लोक वेगळे’ या समजुतीवर कार्यकारिणी विसंबली असेल, तर जोसेफ दांतिका यांचे काय झाले ते तिने वाचलेच पाहिजे. ‘ब्रदर, आय’म डाइंग’ या २००७ च्या आत्मचरित्रात ते आहे, आणि आमच्या सत्राचा मुख्य भागही तोच होता.

२००४ च्या जुलैमध्ये एकाच दिवशी दांतिकांना दोन गोष्टी कळल्या : वडिलांच्या फुफ्फुसांचा आजार बरा होणारा नाही आणि आपण आई होणार आहोत. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला बेल-एअरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांनी आणि हैतीच्या पोलिसांनी काकांच्या चर्चच्या छपरावरून गोळीबार केला. काकांनीच त्यांना वर चढू दिले असे समजून वस्तीतल्या टोळ्या त्यांच्या जिवावर उठल्या. एक्याऐंशी वर्षांचा हा माणूस लपतछपत निसटला आणि २९ ऑक्टोबरला मुलगा मॅक्सो याच्याबरोबर मायामी विमानतळावर उतरला. त्यांच्याजवळ वैध व्हिसा होता. यापूर्वी ते अनेकदा अमेरिकेत येऊन मुदतीत परत गेले होते. या वेळी मात्र किती दिवस राहणार या प्रश्नावर त्यांनी खरे उत्तर दिले, की परिस्थिती पाहता तात्पुरता आश्रय हवा आहे. तेवढ्यावरून त्यांना ताब्यात घेतले गेले आणि एव्हरग्लेड्सच्या कडेला असलेल्या क्रोम येथील स्थानबद्धता केंद्रात नेले गेले. त्यांची औषधे काढून घेण्यात आली. २ नोव्हेंबरला चौकशी चालू असताना त्यांना झटका आल्यासारखे होऊन उलटी झाली, ती तोंडानाकाबरोबर श्वासासाठी केलेल्या गळ्याच्या छिद्रातूनही आली, आणि तेथे आलेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्याने हे सोंग असावे असे मत दिले.

येथे मी माझ्या पेशाने बोलते. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला श्वासाचा तो एकच मार्ग असतो. त्यात उलटी शिरली तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तो मार्ग साफ करायचा असतो. हे आमच्याकडे नव्याने लागलेल्या उमेदवारालाही अगदी सुरुवातीला शिकवतात. सोंग आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. तो परिच्छेद मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक उपडे ठेवून उठले होते.

त्यांना बेड्या घालून रुग्णालयात हलवले गेले. दांतिका मायामीतच राहत होत्या, गर्भवती होत्या, वकिलामार्फत धडपडत होत्या, आणि त्यांना काकांना भेटू दिले गेले नाही. ३ नोव्हेंबर २००४ रोजी जोसेफ दांतिका त्या रुग्णालयात वारले. त्यांचे दफन न्यूयॉर्कला झाले, आणि पुढच्या वर्षी दांतिकांचे वडीलही, लेकीच्या मुलीचे तोंड पाहून, गेले. २००७ मध्ये दांतिकांनी काँग्रेसच्या उपसमितीपुढे स्थानबद्धांच्या वैद्यकीय हेळसांडीबद्दल साक्ष दिली. या पुस्तकाला आत्मचरित्रासाठीचे नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पारितोषिक मिळाले. मॅक्सो १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात बेल-एअरच्या घराखाली गाडला गेला. त्या भूकंपानंतर हैतीयनांना दिलेले, मायदेशी परत न पाठवण्याचे तात्पुरते संरक्षण संपवत असल्याचे अमेरिकी प्रशासनाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये जाहीर केले आणि दोन्ही वेळा प्रकरण न्यायालयात गेले.

तेव्हा पासपोर्टवर शिक्का असणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी एक नाहीत. मंडळ मान खाली घालून राहिले तर आपल्याकडे कोणी पाहणार नाही, हा हिशेब मला पटत नाही. पटला असता तरी तो सभासदांसमोर मांडून, त्यांची मते घेऊन करायला हवा होता.

आणखी दोन तक्रारी आहेत. ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथील हैतीयनांविषयी २०२४ मध्ये पाळीव प्राणी खाल्ल्याची जी धादांत खोटी अफवा उठली, तिच्यावरचे विनोद मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहात कितीतरी दिवस फिरत होते. तेव्हा कोणाला ‘राजकीय विषय नको’ हा नियम आठवला नाही. विनोद चालतो आणि पुस्तक चालत नाही, हा कोणता नियम?

दुसरी तक्रार मुलांची. मराठी शाळेच्या मोठ्या वर्गाने दांतिकांचे ‘मामाज नाइटिंगेल’ हे २०१५ चे चित्रपुस्तक मराठीत सांगण्याची तयारी केली होती. त्यातल्या साया नावाच्या मुलीची आई स्थानबद्धता केंद्रात असते आणि ध्वनिफितीवर गोष्टी रेकॉर्ड करून मुलीला पाठवते. वडील अधिकाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत राहतात. शेवटी साया स्वतः लिहिते आणि ते छापून येते. सत्राबरोबर हेही कापले गेले, आणि पाठांतर केलेल्या मुलांना त्याचे कारण सांगायची जबाबदारी कोणीही घेतली नाही. ती शिक्षिकांवर पडली.

दांतिका या काही कोणाच्या कृपेने कार्यक्रमात आलेल्या लेखिका नव्हेत. २००९ ची मॅकआर्थर शिष्यवृत्ती, २०१८ चे नॉयश्टाट आंतरराष्ट्रीय पारितोषिक, ‘एव्हरीथिंग इनसाइड’ या २०१९ च्या कथासंग्रहाला पुन्हा नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा सन्मान, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापकपद, २०२४ मध्ये ‘वी आर अलोन’ हा निबंधसंग्रह. आणि सुमारे दोन दशके मुक्काम आपल्याच राज्यात, मायामीत. एवढे शेजारी असलेले साहित्य ओलांडून आपण जागतिक साहित्याच्या गप्पा मारतो.

माझ्या मागण्या अशा. दांतिका यांच्यावरील सत्र साहित्यदिनाच्या कार्यक्रमात मूळ वेळेसह पूर्ववत करावे. हास्यसंध्येला माझा विरोध नाही, ती संध्याकाळी घ्यावी. सत्र कोणत्या बैठकीत, कोणाच्या मताने आणि कोणत्या कारणाने रद्द झाले याची नोंद इतिवृत्तात करून ते सभासदांना पाठवावे. कट्ट्याने ठरवलेला विषय यापुढे कट्ट्याशी चर्चा केल्याविना बदलू नये. मुलांचे सादरीकरण पुन्हा कार्यक्रमात घ्यावे आणि रद्द करण्याबद्दल त्यांना कार्यकारिणीपैकी कोणीतरी समोर येऊन सांगावे. कोणत्याही समाजाची हेटाळणी करणारे संदेश समूहातून काढून टाकण्याचा अधिकार समूहचालकांना असावा आणि तो त्यांनी वापरावा. ज्या सभासदांना खरोखरच काळजी वाटते त्यांच्यासाठी या सत्राची छायाचित्रे काढू नयेत, ध्वनिचित्रमुद्रण करू नये आणि उपस्थितांची नावे कोठेही प्रसिद्ध करू नयेत; ही अट मी आनंदाने पाळीन.

पुढील मासिक सभेला मी येणार आहे आणि उत्तर तेथे, सर्वांसमोर मिळावे अशी विनंती आहे. उत्तर नकाराचे असेल तर साहित्यदिनाच्याच दुपारी, मंडळाचे नाव न वापरता, सार्वजनिक ग्रंथालयाच्या खोलीत आम्ही हे सत्र घेऊ. माझ्या रुग्णालयातल्या दोघीजणींनी क्रिओलमध्ये उतारे वाचायचे कबूल केले आहे आणि त्यांचा मराठी गोषवारा आम्ही तयार ठेवला आहे. येणाऱ्यांनी ‘ब्रदर, आय’म डाइंग’ निदान अर्धे तरी वाचून यावे. ग्रंथालयात प्रत मिळाली नाही तर मला कळवावे, माझ्याकडच्या प्रती फिरत्या आहेत.

कळावे,
आपली नम्र,
मंडळाची आजीव सभासद आणि वाचनकट्ट्याची निमंत्रक